परदेशी शिक्षण आणि विविधतेचा संस्कार
(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



परदेशी शिक्षणाचे मोजमाप आपण बहुधा पदवी आणि वेतन यांवरून करतो. त्याचे अधिक मोलाचे फलित डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रा. सेलिग्मन यांच्याकडून त्यांना सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासाची शिस्त लाभली. लोकशाही ही सहजीवनाची रीत आहे, हा विचार जॉन ड्युई यांच्याकडून मिळाला. वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकली. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या व्यवस्थेने त्यांना शाळेत वेगळे बसविले, तिचेच शास्त्रीय विश्लेषण त्यांनी बरोबरीच्या नात्याने मांडले.

१९१७ मध्ये बडोद्यात नोकरीस रुजू झाल्यावर मात्र जातीमुळे त्यांना राहती जागाही सोडावी लागली. व्यक्ती तीच, विद्वत्ता तीच. भेद होता तो वागणुकीत. विविध माणसे एकत्र आली म्हणजे विकास होतोच असे नाही. त्यांना समान वागणूकही मिळावी लागते.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टडी इन इंडिया’ उपक्रमाने परदेशी विद्यार्थ्यांना भारतात येण्याचे आवाहन केले आहे. नेपाळ, अफगाणिस्तान किंवा आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्याला वर्गात प्रवेश मिळतो. पण भाड्याने खोली आणि मैत्री मिळते का? धोरणाचे यश अखेर याच प्रश्नाच्या उत्तरावर, म्हणजेच तुमच्या वर्तनावर अवलंबून आहे.