जुना ग्रंथ समजावून सांगणारे



महाडजवळ महामार्गावरून गांधारपाले लेणी दिसतात.
ती कोरली गेली त्या काळात
आपल्या किनाऱ्यावरचा माल
इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात पोचत असे.

पुढे त्याच शहरात थिऑन नावाचा ग्रीक गणिती झाला.
त्याने युक्लिडच्या भूमितीची प्रत तपासून नीट केली.
त्याची मुलगी हायपेशिया.
ती गणित शिकवायची, तत्त्वज्ञानही शिकवायची.
415 साली जमावाने तिची हत्या केली.
लोक तेवढंच सांगतात. तिच्या शिकवण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

त्या काळच्या अशा ग्रीक शाळांचं मुख्य काम एकच.
जुना ग्रंथ समजावून सांगणं.

अथेन्सच्या प्रोक्लसने युक्लिडच्या ग्रंथाच्या पहिल्या भागावर भाष्य लिहिलं.
529 साली सम्राट जस्टिनियनने
अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद पाडलं.
काही पंडित इराणच्या राजाकडे गेले.
थोड्याच काळात परतलेही.
त्यांतल्या सिंप्लिकियसने ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिली.
त्यांत त्याने जुना ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीस याच्या कवितेचे लांब उतारे दिले.
मूळ कविता हरवली.
उतारे मात्र राहिले!

जुना ग्रंथ समजावून सांगणं.
हेच काम आपल्याकडे चाळीसगावजवळच्या पाटणला झालं.
गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव.
तो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता.
आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला.
1207 च्या सुमाराचा शिलालेख ते सांगतो.
लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे.
मठाच्या खर्चासाठी काय काय द्यायचं, ते त्यात कोरलंय.