डळमळत्या मनाचे स्थितीकरण



सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितीकरण ही दोन अंगे आहेत. दुसऱ्याची उणीव चव्हाट्यावर न मांडणे म्हणजे उपगूहन. डळमळणाऱ्यास पुन्हा स्थिर करणे म्हणजे स्थितीकरण. या दोन्ही अंगांची आज घरातील किशोरवयीन मुलांना फार गरज आहे.

तीर्थपुरीसारख्या गावातून दहावीनंतर मुले जालना, छत्रपती संभाजीनगर, लातूर येथे शिकावयास जातात. घर सुटते, स्पर्धा वाढते. परीक्षा जवळ आली की कोणाचे पोट दुखते, कोणाची झोप उडते, कोणाची छाती धडधडते. घरची मंडळी त्यास ‘नाटक’ म्हणतात. वस्तुतः ते ढोंग नव्हे. संकट नसतानाही मेंदू संकटाचा इशारा देतो आणि शरीर तो खरा मानते. निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या शंभर मुलांमागे सुमारे सात मुलांत मानसिक विकार आढळले होते.

‘हे आर्तध्यान आहे, सामायिक कर,’ असे मुलास सुनावले जाते. सामायिकाच्या ४८ मिनिटांत मनाला विसावा मिळतो, हे खरेच. परंतु तेच दटावून सांगितले, तर भीतीत अपराधीपणाची भर पडते. त्यापेक्षा पालकांनी शेजारी बसून स्वतःच सामायिक करावे.

प्रथम ऐकावे, उपदेश नंतर. इतरांच्या गुणांशी तुलना टाळावी. भीतीपोटी शाळा बुडविल्यास तेवढ्यापुरते बरे वाटते, पण दुसऱ्या दिवशी भीती अधिक वाढते. म्हणून सक्तीही नको आणि पूर्ण सूटही नको. आधी दोन तास, मग अर्धा दिवस, अशा पायऱ्यांनी मुलास पुन्हा शाळेत न्यावे.

त्रास काही आठवडे टिकला, तर डॉक्टरांकडे जावे. ‘टेली-मानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. जगणे नकोसे झाल्याचे मूल बोलले, तर एक दिवसही थांबू नये व त्यास एकटे सोडू नये. औषधे सुरू असल्यास पर्युषणातील उपवास आणि चौविहार यांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. गोळी परस्पर बंद करू नये.

‘पुढे सोयरीक कशी जमेल?’ या धास्तीने अनेक घरे गप्प राहतात. उपगूहन म्हणजे समाजाने चर्चा न करणे. आई-वडिलांनी डॉक्टरांपासून दुखणे लपविणे नव्हे. रुग्णाची सेवा म्हणजे वैयावृत्त्य, आणि त्याची गणना सहा आभ्यंतर तपांत होते. ज्या समाजात अशा घराविषयी कुजबुज होत नाही, त्या समाजातील मूल वेळीच बोलते आणि वेळीच सावरते.