विजासनचे लेणे : अभिमान आणि पुरावा



भद्रावती, म्हणजे आपले जुने भांदक. तेथील विजासनची टेकडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या पोटात प्राचीन बौद्ध लेणे आहे. जनरल कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या काळात मध्यप्रांतात दौरे केले, तेव्हा त्यांनी त्याची नोंद केली. द्वारापासून सुमारे ७१ फूट सरळ आत गेलेला मार्ग, त्याच्या अखेरीस गाभारा व आसनस्थ बुद्धाची भव्य मूर्ती. शिवाय दोन्ही बाजूंस काटकोनात फुटलेल्या दोन शाखा, आणि त्यांच्याही टोकाशी एकेक बुद्धमूर्ती.

चिऱ्यांची भिंत चुकली तर चिरा बदलता येतो. येथे तशी सोय नाही. छिन्नीचा घाव अधिक पडला की तो कायमचा. डोंगरात शिरत शिरत रेषा सरळ राखणे आणि फोडलेली प्रत्येक कपची बाहेर वाहून नेणे, हे किती धीराचे काम असेल!

हे लेणे आपल्याच पूर्वजांनी कोरले, असे आपल्या बैठकींतून मोठ्या प्रेमाने सांगितले जाते. ते या स्मरणिकेत छापावे, असाही आग्रह झाला. परंतु मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला आहे. पुराव्यावाचून मला तसे म्हणवत नाही. याच भांदकास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपट सापडला. वेरूळच्या कैलासाचे श्रेय ज्याला देतात, तोच हा राजा. ताम्रपट राजाचे नाव सांगतो, दानाची हकीकत सांगतो. विजासनच्या पाथरवटांची जात मात्र कोणताही ताम्रपट सांगत नाही.

मग ते लेणे परके का? मुळीच नव्हे. ज्यांनी ते कोरले त्यांनी ते तथागतासाठी कोरले, स्वतःच्या कुळासाठी नव्हे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरास धम्मदीक्षा दिली. त्या मार्गाने गेलेले आपले शेजारी आज तेथे श्रद्धेने वंदन करतात. त्यांच्या भक्तीने आपला वाटा उणा होत नाही.

एकच विनंती. मुलाबाळांना तेथे अवश्य न्या. पण भिंतीवर कोणी नाव खरडू लागले तर त्याचा हात धरा. तो ओरखडाही परत घेता येत नाही. ज्यांनी डोंगर कोरला त्यांनी आपले नाव मागे ठेवले नाही. आपण तरी ते कशाला लिहावे?