सेवेत ‘मी’ कुठून शिरतो?

जळगावच्या उन्हात कूलर बंद करून रेकॉर्ड करतोय, कारण कूलरचा आवाज माझ्यापेक्षा मोठा येतो. त्यामुळे थेट मुद्द्यावर.

सेवेतला गर्व. हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर लगेच दुसरंच कुणीतरी येतं. अमुक पाळक, तमुक गायक. त्यांना जरा बाजूला ठेवा.

लूकच्या 10व्या अध्यायात येशूनं पाठवलेले सत्तर जण परत येतात. खूश आहेत, कारण काम जमलंय. त्याच्या नावानं भुतंसुद्धा ऐकतात, असं सांगतात. येशू त्यांच्या आनंदावर पाणी टाकत नाही, पण त्या आनंदाची जागा बदलतो. भुतं ऐकतात यात आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत यात माना, असा त्याचा रोख आहे. आता बघा, हा इशारा काम फसलेल्यांना नाहीये. काम ज्यांचं जमलं, त्यांना आहे. तुमचा कीबोर्ड नीट वाजायला लागला, युवकसभेला पोरं वाढली, रीलला व्ह्यूज आले, की हा अध्याय उघडायचा.

आपल्याकडे तर फ्लेक्सच आहे. कन्व्हेन्शनचा बॅनर चौकात लागतो आणि आधी काय बघितलं जातं? फोटो कुणाचा मोठा, ‘प्रमुख वक्ते’ कोण, नावाआधी रेव्ह. आहे की डॉ. की दोन्ही. येशूचं नाव असतंच, वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. मग स्टेजवर वीस मिनिटं स्वतःचे किस्से आणि शेवटी ‘सगळा महिमा प्रभूला’. हे वाक्य आपण आता फोन ठेवताना ‘चल, बाय’ म्हणतो तसं म्हणायला लागलोय.

पण नम्रता म्हणजे ‘मी काय बाबा, मला काही येत नाही’ असं म्हणत मागच्या बाकावर बसणं, हेही मला पटत नाही. का, ते पंडिता रमाबाईंवरून सांगतो.

रमाबाईंचं नाव शाळेत ऐकलं असेल. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची संस्कृतातली विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय होतं वीस. त्या काळात बाईला अशी पदवी, विचार करा! पुढे 1883 मध्ये इंग्लंडला त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि नंतर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं विधवा होत्या, दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या, अंध बायका होत्या.

या बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. मराठी बायबल आधीपासून होतंच. पण त्यातली संस्कृत वळणाची मराठी मुक्तीतल्या साध्या बायकांना जड जायची. मग संस्कृतात मोठमोठ्या पंडितांना गप्प करणारी ही बाई ठरवून साधे शब्द शोधत बसली. छापखाना मुक्तीचाच, आणि तिथं काम करणाऱ्याही तिथल्याच मुली-बायका.

मला यात काय भारी वाटतं सांगू? रमाबाईंनी विद्वत्ता लपवली नाही. सगळीच्या सगळी वापरली. फक्त ती दिसावी म्हणून वापरली नाही. सोपं लिहायला किती येत असावं लागतं, हे कोड लिहिणाऱ्याला विचारा. ज्याला नीट कळलेलं नसतं तोच गुंतागुंतीचं लिहितो आणि वर रुबाब करतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल ख्रिस्ताबद्दल म्हणतो की त्यानं स्वतःला रिक्त केलं. ते वाचताना मला हल्ली केडगावचं ते टेबल दिसतं.

आणि पुढचं ऐका. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं 1924 मध्ये. शिवाय ते मंडळ्यांमध्ये फारसं रुळलं नाही. शब्दाला शब्द धरून केलेलं असल्यानं वाक्यं कुठंकुठं अडखळतात, आणि चर्चमध्ये बायबल सोसायटीचंच चालत राहिलं. म्हणजे इतक्या वर्षांच्या कामाला आजच्या भाषेत ‘रीच’ मिळाला नाही. मग ती सेवा वाया गेली का? मला नाही वाटत. ज्या मुलींसाठी केलं त्या समोर होत्या.

आता आपल्या भागात या. साक्री तालुक्यातल्या एका गावात आमची टीम गेली होती. प्रोजेक्टर माझ्याकडे. वक्ते चांगले होते, तयारी करून आले होते. पण मराठी एकदम पुस्तकी. मागं बसलेल्या एका आजीनं शेजारणीला विचारलं, “तो काय सांगी ऱ्हायना?” शेजारच्या मावशींनी तिथंच हळू आवाजात अहिराणीत सांगायला सुरुवात केली. थोड्या वेळात पाच-सहा बायका त्यांच्याकडे सरकल्या. शेवटी आभार वक्त्यांचे मानले गेले, साउंडवाल्याचे मानले गेले, माझेसुद्धा. मावशी चपला शोधत होत्या.

आमच्या कामात गिट नावाचं एक साधन असतं. कोणती ओळ कुणी, कधी लिहिली ते त्यात कायमचं नोंदलेलं राहतं. मंडळीच्या कामाला गिट नाही, आणि मला वाटतं बरंच आहे. रोमकरांस पत्र कुणाचं? आपण म्हणतो पौलाचं. पण 16व्या अध्यायाच्या 22व्या वचनात तर्तिय नावाचा माणूस हळूच सलाम सांगून जातो, कारण पत्र हातानं लिहून काढलं ते त्यानं. एवढ्या मोठ्या पत्रात त्याच्या वाट्याला एक वचन.

धुळ्याच्या लोकांना तर घरचंच उदाहरण आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. गुरुजी स्वतः अंमळनेरच्या शाळेत शिकवलेले, लेखक माणूस. त्यांना स्वतःचं बोलायला काही नव्हतं असं थोडंच! तरी त्या रविवारी ते दुसऱ्याचे शब्द उतरवत बसले, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज हातात आहे. विषय गीतेचा आहे हे मला माहीत आहे. पण सेवक कसा बसतो ते शिकायला मला धुळ्याचा तुरुंग चालतो.

तसं हा एपिसोडही तुम्ही वाचताय तो कुणीतरी ऐकून, थांबवून, परत ऐकून टाइप केलाय म्हणून. तिनं नाव टाकायला नको म्हटलंय. मी दोनदा विचारलं.

तर या आठवड्याचं काम. लूक 10 मधली सत्तर जणांची गोष्ट तुमच्या घरातल्या किंवा मंडळीतल्या कुणा मावशी-काकांकडून त्यांच्या बोलीत सांगून घ्या. अहिराणी, लेवा गणबोली, भिली, काहीही चालेल. दोन-तीन मिनिटांची व्हॉइस नोट करून पाठवा. मध्ये कोंबडा ओरडला तरी कापू नका. पुढच्या एपिसोडमध्ये मी बोलणार नाही, त्याच लावणार आहे. नाव सांगायचं की नाही, ते त्यांनाच विचारा.