अभिरूप बाजारपेठ आणि खरा ग्राहक



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून गुणवंतांचे कौतुक करावे आणि उपदेश आवरता घ्यावा, हा शिष्टसंप्रदाय मला मान्य आहे. तथापि आपल्या वाणिज्य विभागाने समाजमाध्यमांवरील विपणन शिकविण्यासाठी वर्गातच जी अभिरूप बाजारपेठ उभी केली आहे, तिच्याविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभिरूप न्यायालय जसे परिचित, तशीच व्यवस्थापनशास्त्रातही ही रीत जुनी आहे. सेनाधिकाऱ्यांच्या युद्धाभ्यासावरून स्फूर्ती घेऊन अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ च्या सुमारास व्यवस्थापकांसाठी संगणकावरील निर्णयांचा खेळ रचला होता. आपल्या वर्गातील बाजारपेठेत आंबिया बहाराच्या संत्र्यांची विक्री एखाद्या गटाकडे सोपविली आहे, असे समजा. काल्पनिक रक्कम हाती येते; फेसबुकवर किती खर्चावे, इन्स्टाग्रामवर किती, जाहिरात पुण्याच्या गृहिणीला दाखवावी की रायपूरच्या फळव्यापाऱ्याला, यावर मसलत होते; आणि फेरी संपताच ती किती जणांनी पाहिली, कितींनी दुवा उघडला व कितींनी मागणी नोंदविली, याचा हिशेब समोर येतो. पहिल्याच फेरीत सारी तरतूद खर्ची घालणाऱ्या गटाला ‘लाइक्स’ विपुल आणि ऑर्डरी मोजक्या मिळाल्या, म्हणजे प्रसिद्धी आणि विक्री यांतील जे अंतर त्याच्या ध्यानी येते, ते व्याख्या घोकून येत नाही. कोणाही बागाईतदाराची कमाई न बुडविता चुकण्याची ही मुभा, हेच या पद्धतीचे मोठे देणे होय.

परंतु त्या पडद्यावरील ग्राहक गणिताने घडविलेला असतो. आंबट फळांची पेटी हाती आल्यावर तो फसवणुकीची तक्रार करीत नाही, की शेजाऱ्याला सावध करीत नाही. खऱ्या ग्राहकाचा विश्वास कसा संपादन होतो, हे पाहावयाचे असेल, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आठवावे. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि सुरुवातीचे नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची वार्ता देणारे ते पत्र वाचकाला उपयुक्त ज्ञान देत देत घरोघरचे मासिक झाले. विकण्यापूर्वी वाचकाच्या पदरी काही घालावे, हे सूत्र त्यांनी मोबाइल जन्मण्याच्या कितीतरी आधी आचरिले होते.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली; परंतु सनदेने नाव राखले जाते, पत राखावी लागते ती विक्रेत्याने. मोबदला घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करावी, असा दंडक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये घालून दिला आहे. तो दंडाच्या धाकाने नव्हे, तर ग्राहकाच्या अज्ञानावर नफा मिळविणे अनुचित आहे, या जाणिवेने तुम्ही पाळावा, अशी माझी अपेक्षा आहे.

म्हणून प्राचार्य महोदयांना माझी विनंती आहे, की या अभ्यासाची अखेरची फेरी संगणकावर न होता काटोल, नरखेड, कळमेश्वर येथील बागांत व्हावी. प्रत्येक गटाने एका बागाईतदाराची विक्री हंगामभर सांभाळावी, फळाचा दर्जा आहे तसाच सांगावा, आलेल्या प्रत्येक तक्रारीला स्वतः उत्तर द्यावे, आणि हंगामाअखेर त्याच्या पदरात किती जादा पडले, यावरच गुण द्यावेत. या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांना विदर्भात कामाची वाण पडणार नाही, असा माझा दृढ विश्वास आहे.