आपल्या हातात काय आहे?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कामाच्या ठिकाणी मनाचा तोल’ या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर आमच्या घरी सौ. हसली. “तुम्ही? तोलावर?” म्हणाली. तिचं हसणं बरोबरच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होतो. वरची जागा मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. ती मिळाली माझ्याहून आठ वर्षांनी लहान माणसाला. मी वर्षभर धुमसत राहिलो. शिफ्टवर पोरांवर खेकसायचं, घरी येऊन जेवणाच्या ताटावर राग काढायचा. एके दिवशी एका ऑपरेटरला मशीनचा आवाज वेगळा वाटला, पण त्याने मला सांगितलंच नाही. का? तर ‘साहेब ओरडतील’. दुसऱ्या दिवशी बेअरिंग गेलं आणि लाइन दोन दिवस बंद. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्या रात्री झोप लागली नाही. बढती कुणाला द्यायची हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं. पण माणसं माझ्याशी बोलायला घाबरत होती, ती करणी माझीच होती.

त्याच सुमारास मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तिला आपला भुईकोट किल्ला दाखवायला नेलं. आपण नगरकर बाहेरच्या पाहुण्यांना किल्ला दाखवतो, स्वतः मात्र नीट बघत नाही. ‘चले जाव’ ठरावानंतर 9 ऑगस्ट 1942 ला काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना पकडून याच किल्ल्यात आणलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे बारा जण. सुटका कधी होणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. जवळजवळ पावणेतीन वर्षं ते इथे होते. नेहरूंनी अंगणात बागकाम केलं आणि 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं.

मला धरून ठेवलं ते मौलाना आझादांच्या गोष्टीने. ते तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात आजारी. 1943 मध्ये तब्येत खालावल्याची बातमी आली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, सरकारला काही सांगायचं असेल तर लगेच कळवतो. आझादांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढा, त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागायची नाही. एप्रिलमध्ये मृत्यूची तार आली. शेवटची भेट झालीच नाही. या दिवसांबद्दल त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मध्ये लिहिलंय. दिनक्रम मोडू दिला नाही, पण बाहेरून शांत दिसायला फार धडपड करावी लागली, हेही त्यांनी कबूल केलंय.

खरं सांगू? त्यांच्या जागी मी असतो तर अर्ज केला असता. त्यात काही कमीपणाही मानला नसता. पण ती कबुली वाचून मला धीर आला. एवढ्या मोठ्या माणसाचंही मन हलतं. मग आपलं हललं तर काय झालं? तोल म्हणजे दगड होणं नव्हे.

पुढे वाचताना स्टोइक विचारवंत भेटले. सुमारे 2300 वर्षांपूर्वी अथेन्समध्ये झेनो एका चित्रं काढलेल्या ओसरीवर शिकवत असे. ग्रीक भाषेत ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. त्यांच्यात एपिक्टेटस जन्माने गुलाम, तर मार्कस ऑरेलियस रोमचा बादशहा. दोघांचा धडा एकच: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आधी वेगळ्या करा. बाजार, बढती, दुसऱ्याचं मत आपल्या हातात नाही. आपला निर्णय, आपली वागणूक आपल्या हातात आहे. हे अगदी परकंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वर माउलींनी स्थितप्रज्ञ मराठीत समजावून सांगितला.

मी एकच सवय लावली. शिफ्ट सुरू होण्याआधी पाच मिनिटं डायरीत दोन रकाने: ‘हातात’ आणि ‘हाताबाहेर’. आणि त्या ऑपरेटरची सगळ्यांसमोर माफी मागितली. पहिले काही दिवस कुणी विश्वास ठेवला नाही. महिन्याभराने तोच पोरगा सांगायला आला, “साहेब, आवाज येतोय.” वरची जागा मला शेवटपर्यंत मिळाली नाही. पण ते वाक्य मिळालं.

आता आपलं घरचं. पाऊस किती पडेल, टँकर कधी येईल, हे कमिटीच्या हातात नाही. टाकीची गळती काढणं, पाण्याचा हिशोब फलकावर लावणं आणि वार्षिक सभेत आवाज न चढवता ऐकून घेणं, हे आहे. मात्र ‘हातात नाही’ हे निमित्त करून बसूही नका. किल्ल्यातली ती बारा माणसं स्वस्थ बसली म्हणून नाही, उठली म्हणून तिथे आली होती.

पंचवीस वर्षं आपण एका जिन्यावर भांडलो आणि एकमेकांच्या सुखदुःखाला धावलोही. पुढच्या पंचवीस वर्षांत कुणालाही वाईट बातमी घेऊन आपल्या दारावर यायची भीती वाटू नये, एवढं आपल्या हातात नक्की आहे.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.