अर्ज भरताना आणि मुलाखतीला जाताना

(गोरेगाव येथे समाजकार्याच्या पदवीधर तरुण-तरुणींसाठी भरलेल्या मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



आपल्या वस्त्यांतून आता एम.एस.डब्ल्यू. झालेली मुले-मुली निघू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पदवी हाती आल्यावर सार्वजनिक आरोग्य विभागातील नोकरीचा अर्ज कसा करावा आणि मुलाखतीत काय बोलावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. आई-वडिलांनी दवाखाना पाहिलेला असतो तो केसपेपरच्या रांगेतून. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याची निवड कशी होते, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून आज चार अनुभवाच्या गोष्टी आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. त्यांत आमची स्वतःची एक चूकही आहे.

आधी या कामाचा थोडा इतिहास. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले, आणि १० मार्च रोजी त्याच साथीने त्यांचा बळी घेतला. रुग्ण आणि दवाखाना यांच्यामधले अंतर आपल्या पाठीवर घेणे, हेच या कामाचे मूळ आहे. पुढे या कामाचे शिक्षण सुरू झाले ते आपल्याच मुंबईत. १९३६ साली नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. तीच आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. १९५५ साली निर्मला निकेतन सुरू झाले. तेव्हा ही नोकरी उपकाराची नव्हे, शास्त्राची आहे, हे मनात पक्के असू द्या.

आता जागा कोणत्या असतात? शासकीय व महापालिका रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवक, एच.आय.व्ही. तपासणी केंद्रातील समुपदेशक, क्षयरोग कार्यक्रमातील निरनिराळी पदे, धर्मादाय रुग्णालयांतील समाजसेवक, शिवाय संस्थांच्या प्रकल्पांतील कामे. यांपैकी पुष्कळ जागा कंत्राटी असतात, करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि मानधन ठरलेले असते. जाहिरात हाती आली की नुसते पदाचे नाव वाचून धावू नका. शैक्षणिक अट, अनुभव कोणत्या तारखेपर्यंतचा धरणार, वयोमर्यादा, आरक्षण, करार किती दिवसांचा, हे सारे पेन्सिलीने खूण करून वाचा. कायम नोकरी समजून गेलेला मुलगा अकरा महिन्यांनी खचून घरी बसलेला आम्ही पाहिला आहे. करार कमी प्रतीचा नाही, पण तो करार आहे हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

कागदपत्रांबाबत आपल्या समाजाने विशेष जागरूक राहिले पाहिजे. केंद्र सरकारने १९९० साली दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. म्हणून केंद्राच्या जागेसाठी जातीचा दाखला जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच आहे ना, हे तपासा. राज्याच्या जागेला जात वैधता प्रमाणपत्र मागितले असेल, तर ते जाहिरात आल्यावर मिळत नसते. त्याची तयारी आधीच करून ठेवा. नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे, लग्नानंतर तिसरे, असे असल्यास आजच दुरुस्तीला लागा. मूळ प्रती आणि झेरॉक्स यांच्या दोन वेगळ्या फायली ठेवा.

अर्जातल्या अनुभवाच्या रकान्याविषयी एक गोष्ट. "समाजसेवेची आवड आहे" असे लिहून काहीही सिद्ध होत नाही. क्षेत्रकार्य कोणत्या वस्तीत केले, किती महिने, किती घरांना भेटी दिल्या, त्यातून कोणते काम पुरे झाले, हे लिहा. भगतसिंग नगरात किंवा आरेच्या पाड्यांवर तुम्ही लसीकरणासाठी घरोघर हिंडला असाल, तर ते लिहा. जे केले नाही ते लिहू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

आता आमची चूक सांगतो. आमच्या मार्गदर्शन वर्गातील एक मुलगी क्षयरोगाच्या कामासाठी मुलाखतीला निघाली होती. तिच्या वडिलांना पूर्वी क्षयरोग झाला होता. नाक्यावर काम शोधायला जाणारा माणूस. दोन महिन्यांनी बरे वाटू लागले आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. आम्ही तिला सांगितले, "मुलाखतीत घरचे काही काढू नकोस, कमीपणा दिसेल." तिने ते मानले. मंडळाने विचारले, "रुग्णाने मध्येच औषध सोडले तर काय कराल?" ती म्हणाली, "त्याला औषधाचे महत्त्व समजावून सांगीन." पुन्हा विचारले, "तरी ऐकले नाही तर?" ती म्हणाली, "पुन्हा समजावीन." तिची निवड झाली नाही.

घरी आल्यावर तिची आई जे बोलली, ते आम्ही विसरणार नाही. ती म्हणाली, "अगं, तुझ्या बापाला मी कुठं समजावलं? मी त्याला विचारलं, गोळी का नको. तो म्हणाला, सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, नाक्यावर उभं राहवत नाही, खाडा पडतो. मी दवाखान्यात जाऊन बाईंना विचारलं. त्यांनी गोळी रात्री घ्यायला सांगितली. झालं."

बंधूंनो, या चार वाक्यांत समाजकार्याचे सारे शास्त्र आहे. आधी विचारले, मग ऐकले, अडचण कोणती ते ओळखले, जाणकाराकडे नेले, आणि रुग्णाची रोजी न बुडता मार्ग काढला. औषधाची वेळ तिने मनाने बदलली नाही, दवाखान्याला विचारून बदलली. जी विद्या त्या घरात होती, तीच लपवायला आम्ही मुलीला शिकवले होते.

पुढच्या वेळी दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ तोच प्रश्न आला. तिने कोणाचे नाव किंवा नाते न सांगता, रड न गाता, ही हकीकत एका रुग्णाची म्हणून पायरीपायरीने मांडली. "मी प्रथम विचारीन की गोळी का सोडली," असे तिचे पहिले वाक्य होते. तिची निवड झाली. म्हणून आमचे सांगणे आहे की, वस्तीत जन्मलो याची लाज नको आणि त्याचे भांडवलही नको. वस्तीने जे शिकवले ते कामाच्या भाषेत सांगा.

मुलाखतीत नेहमी विचारले जाणारे आणखी दोन प्रश्न आहेत. पहिला गुप्ततेचा. तुमच्याच चाळीतली सून एच.आय.व्ही. केंद्रावर आली, आणि दुसऱ्या दिवशी नळावर तिची सासू तुम्हाला विचारते, "आमची सून कशाला आली होती गं?" काय सांगाल? २०१७ च्या कायद्यानुसार, त्यात दिलेले अपवाद सोडता, कोणाची एच.आय.व्ही.ची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. पण कायदा पाठ म्हणून भागत नाही. ओळखीच्या माणसापुढे तोंड बंद ठेवता येते का, हे मंडळाला पाहायचे असते. "कोण आले, कोण नाही, हे मी कोणाचेच सांगत नाही, मावशी," इतके नम्र उत्तर पुरे आहे.

दुसरा प्रश्न हक्कांचा. हाती पैसा नसलेल्या रुग्णाला कुठे पाठवाल? येथे नुसती सहानुभूती उपयोगाची नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. कोणती योजना, कोणते कागद, कोणत्या खिडकीवर, हे ज्याला ठाऊक आहे तोच रुग्णाच्या उपयोगी पडतो. मुलाखतीपूर्वी एक सकाळ जवळच्या दवाखान्यात जाऊन नुसते पाहा. लोक कुठे अडतात ते कळेल, आणि तुमच्या उत्तरांत जीव येईल.

एखादा प्रश्न आला नाही तर "मला माहीत नाही, विचारून घेईन" असे म्हणा. इंग्रजी अडले तर मराठीत उत्तर देण्याची परवानगी मागा. समोर येणारे कित्येक रुग्ण मराठी-हिंदीच बोलणार आहेत. मानधनाविषयी, कामाच्या वेळेविषयी शेवटी सभ्यपणे विचारा. पगार विचारल्याने सेवाभाव कमी होत नाही. आणि क्षयरोगाच्या वॉर्डात मास्कशिवाय जाणे म्हणजे त्याग, असे समजू नका. सावित्रीबाईंच्या वेळी जे साधन नव्हते ते आज आहे. ते वापरून तीस वर्षे काम करणे हीच त्यांना आदरांजली आहे.

निवड झाली नाही तर विहारात येणे सोडू नका. कोणते प्रश्न आले ते वहीत लिहून आणा. पुढच्या मुलाला ते उपयोगी पडतील. निवड झाली, तर एवढेच लक्षात ठेवा की खिडकीच्या पलीकडे जी बाई केसपेपर धरून उभी असेल, तिला किती वेळ उभे ठेवायचे हे आता तुमच्या हाती आहे. कालपर्यंत त्या रांगेत आपली आई उभी होती.